पूर्ण किमतीचा खेळ

"माझ्या ताईला कुणीतरी मारलंय, आणि पोलीस म्हणतात पाय घसरला," खुर्चीत बसायच्या आधीच तो तरुण म्हणाला.

बाईंनी त्याला हातानंच बसायला सांगितलं. पूर्वी त्या विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून काढायच्या. आता तेच काम स्वतःच्या दोन खोल्यांत बसून करत होत्या आणि लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. शेजारच्या टेबलाशी पोस्टमास्तर चष्मा पुसत होते. निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा हे बरं, म्हणून ते इथं यायला लागले आणि बघता बघता बाईंचे मदतनीस होऊन बसले. आपलं डोकं जरा सावकाश चालतं हे ते स्वतःच कबूल करत. पण एकदा कानावर पडलेलं ते विसरत नसत.

तरुणाची ताई एका भागीदारणीबरोबर कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान चालवायची. मागच्या आठवड्यात एका सकाळी भागीदारीण दुकानात आली, तर ताई माळ्याच्या लोखंडी शिडीखाली पडलेली. डोकं फुटलेलं. आदल्या संध्याकाळी आठ-नऊच्या दरम्यान जीव गेला असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं. कामाचा ढीग असला की ती परस्पर आईकडे झोपायला जायची. त्यामुळे नवऱ्याला वाटलं आईकडे गेली, आईला वाटलं घरी गेली. पोलिसांनी अपघात लिहून हात झटकले.

"तुम्हाला का पटत नाही?" बाईंनी विचारलं.

"तिच्या पायात चपला होत्या. त्या शिडीवरून ती एकदा घसरली होती. तेव्हापासून चपला खाली काढल्याशिवाय चढायची नाही. मी चिडवायचो तिला त्यावरून."

संशय कुणावर, तर भागीदारणीवर. तिला एकटीला दुकान हवं असेल. नाहीतर जागेच्या मालकावर, कारण तो कधीचा जागा खाली करा म्हणून मागे लागला होता. आणि नवरा? त्यावर तरुणानं मान हलवली. भावोजी घरी गेम खेळत होते. त्यांच्या खात्यावर सगळी नोंद आहे, पोलिसांनीच पाहिली आहे, आणि ती नोंद गेमची कंपनी ठेवते, तिथे कुणाला हात घालता येत नाही.

"आणि तुम्ही कुठं होतात?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो आईकडे राहत होता, आणि त्या संध्याकाळी आपल्या खोलीत खेळत होता. आठच्या जरा आधी ताईचा फोन आला. त्यानं उचलला नाही. दुकानाचं शटर जड होतं. काम जास्त असलं की ती फोन करायची आणि हा जाऊन शटर ओढायचा. म्हणजे त्यासाठीच केला असणार. ताई तुला काही बोलली होती का, असं आईनं नंतर विचारलं, तेव्हा हा सरळ नाही म्हणाला. फोन आलाच नाही म्हणाला.

"मी गेलो असतो तर ती आज असती," तो म्हणाला. "आईला कळलं तर ती मला तोंड दाखवू देणार नाही."

फोन का उचलला नाही, हे समजायला पोस्टमास्तरांना बराच वेळ लागला. गेम आता तबकडीवर येत नाही, म्हणे. त्याची नुसती कळ विकत मिळते, आकडे-अक्षरांची. कंपनीच्या दुकानात ती महाग. म्हणून लोक एका साइटवर जातात, तिथे सगळ्या विक्रेत्यांचे भाव एकाखाली एक लावलेले असतात, सगळ्यात स्वस्त तो वर. त्याहून स्वस्त हवं असेल तर खात्यातला वाटा घ्यायचा. एकजण आपल्या खात्यावर गेम घेतो आणि खात्याचा पासवर्ड थोडक्या पैशात दुसऱ्याला विकतो. दुसरा घरी बसून पहिल्याच्या खात्यावर खेळतो.

"म्हणजे खेळणार तुम्ही आणि नाव लागणार त्याचं," पोस्टमास्तर म्हणाले.

"नावाशी काय करायचंय, काका? खेळायला मिळाल्याशी मतलब."

आपल्याला परवडेल त्या भावाची खूण साइटवर करून ठेवता येते. भाव त्याच्या खाली आला की फोनवर निरोप येतो. त्या संध्याकाळी तसा निरोप आला. नवाकोरा गेम, नवंकोरं खातं, भाव खुणेच्या अगदी किंचित खाली, आणि वाटा एकच. यानं झडप घातली. विक्रेत्याची अट मात्र विचित्र होती. लगेच सुरू करायचं आणि मधे बाहेर पडायचं नाही, पडलात तर परत आत येता येणार नाही. सुरुवातीलाच नदीत हा बुडून बुडून बेजार झाला. तेवढ्यात फोन वाजला. एवढी नदी पार झाली की करतो, असं मनाशी म्हणाला. नदीनंतर दुसरं काही आलं. दहाच्या सुमाराला खातं तोंडावर बंद झालं. पासवर्ड बदललेला, विक्रेता साइटवरून गायब. फसलो म्हणून चरफडत झोपला, आणि सकाळी भागीदारणीचा फोन आला.

बाईंनी खात्याचं नाव विचारलं. काहीतरी आकडे होते, त्याला आठवत नव्हतं. तुमचं खेळायचं यंत्र विकू नका आणि त्यातलं काही पुसू नका, एवढंच सांगून बाई उठल्या.

भागीदारीण दुकानात वाफेच्या इस्त्रीशी उभी होती. रडून रडून डोळ्यांच्या खाचा झालेल्या. आधी ताकास तूर लागू देईना. मग इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, ताई दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं घर सोडणार होती. खोली घेतली होती. थोडे थोडे कपडे इस्त्रीच्या गठ्ठ्यातून आणून तिनं माळ्यावर ठेवले होते. कुणाला बोलू नकोस म्हणाली, म्हणून ही कुणाला बोलली नाही. आणि त्या संध्याकाळी? डोकं दुखत होतं म्हणून लवकर घरी जाऊन एकटी पडून होती. बघणारं कुणी नव्हतं.

जागेचा मालक तर अंगावरच आला. संध्याकाळी आपण गरम पाण्यात पाय शेकत बसतो, रोज बसतो, एकटेच बसतो, पुरावा हवा असेल तर पाय दाखवतो, म्हणाला. पोस्टमास्तर दाखवा म्हणणार होते, पण बाईंनी त्यांना बाहेर काढलं.

नवऱ्यानं मात्र अदबीनं आत घेतलं. तो इस्पितळाच्या खरेदी विभागात कामाला होता, आणि खरेदी त्याच्या रक्तात भिनलेली. चहा देतादेताच त्यानं पावडर कुठल्या दुकानात किती पैशांनी स्वस्त मिळते ते सांगितलं. साबण एका दुकानातून, बल्ब दुसऱ्या टोकाच्या दुकानातून. पुरा भाव देणारा माणूस मूर्ख, असं त्याचं मत होतं. बायकोचा विषय निघाला तेव्हा त्यानं डोळे पुसले. भांडण? छे, कधीच नाही. दोघांचं उत्तम चाललं होतं.

"मेहुण्याला त्या साइटचा नाद तुम्हीच लावलात?" बाईंनी विचारलं.

"मीच. कुठल्या गेमला किती भावाची खूण लावायची, तेही मला विचारूनच लावतो तो."

मग त्यानं आपणहून फोन पुढे केला. त्या दुपारी कंपनीच्या दुकानातून घेतलेल्या गेमची पावती, त्याच्या नावावर, पूर्ण किमतीची. जुनं खातं लोकांना वाटून वाटून खराब झालं म्हणून नवं उघडलं, म्हणाला. खाली खेळाची नोंद होती. आठच्या आधीपासून दहापर्यंत एकसलग. त्यात मिळालेली बक्षिसंही होती. पहिलं 'गटांगळी', मग 'पैलतीर', मग 'पहिला घोडा'. पोस्टमास्तरांना त्या गटांगळीची गंमत वाटली. हे कशाबद्दल मिळतं, असं त्यांनी विचारलं.

"पोहण्याबद्दल असेल काहीतरी," नवरा म्हणाला. "कोण लक्षात ठेवतं?"

रस्त्यावर आल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, हा माणूस सुटला. तिघांत याच्याच हातात पक्का पुरावा आहे.

"मास्तर, साधं पत्र स्वस्तात जातं. मग लोक जास्त पैसे भरून रजिस्टर का करतात?"

"पोच मिळते म्हणून."

बाईंनी मान डोलावली आणि त्या घराकडे वळल्या.

दोन दिवसांनी दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मालक आला नाही, पाय दुखत होते. भागीदारीण दाराजवळ बसली, नवरा खिडकीशी, आणि त्याच्या मागे फौजदार. तरुणानं आपलं यंत्र आणून बाईंच्या जुन्या टीव्हीला जोडलं होतं. कशासाठी, ते त्याला माहीत नव्हतं.

"ताई शिडीवरून पडली नाही," बाईंनी सुरुवात केली. "ती चढतच नव्हती, पायात चपला होत्या. कुणीतरी खाली तिचं डोकं फोडलं आणि तिला शिडीपाशी ठेवलं. ज्याला तिची चपला काढायची सवय माहीत नव्हती अशा माणसानं. भागीदारणीनं ती सवय रोज पाहिली होती. ती असती तर चपला काढायला विसरली नसती."

"आणि मालक?" फौजदारांनी विचारलं.

"मालकाकडे पुरावा नाही, आणि तेच मला बरं वाटलं. आपल्या संध्याकाळची पावती कोण ठेवतं? इथे एकाकडेच पावती आहे. ज्या माणसानं आयुष्यात कुठल्या वस्तूला पुरा भाव दिला नाही, त्यानं नेमका त्या दिवशी पुरा भाव दिला. साइटवर तोच गेम कितीतरी स्वस्तात मिळत होता. पण तिथे आपल्या नावाची पक्की पोच मिळत नाही. त्याला गेम नको होता, पोच हवी होती."

नवरा हसला. पोच दुपारची आहे, म्हणाला. संध्याकाळभर खेळलो त्याचं काय? खेळ आपोआप चालतो का?

"नाही. कुणीतरी खेळावं लागतं." बाई तरुणाकडे वळल्या. "त्या संध्याकाळचं पहिलं बक्षीस दाखवा."

बक्षीस मिळालं की यंत्र त्या क्षणाचं चित्र आपोआप काढून ठेवतं. पडद्यावर नदी आली, बुडणारा माणूस आला, वर बक्षिसाचं नाव आलं. तरुणानं ते वाचलं.

"गटांगळी. दहा वेळा बुडलं की मिळतं."

बाईंच्या खुणेसरशी फौजदारांनी नवऱ्याच्या फोनमधली नोंद काढली आणि पुढचं नाव वाचलं, पैलतीर. पडद्यावरही पैलतीर. मग पहिला घोडा, दोन्हीकडे. चित्राच्या कोपऱ्यात खात्याचं नाव होतं, नुसते आकडे. फौजदारांनी ते एकेक करून ताडून पाहिलं. तरुणाचा हात यंत्रावरच राहिला. आता पोस्टमास्तरांच्याही डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं, असं त्यांना वाटलं. त्या पोराच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"दुपारी गेम घेतला," बाई हलक्या आवाजात सांगत होत्या, "आणि संध्याकाळी त्याच खात्याचा वाटा साइटवर टाकला. कुणीही घेतला असता तरी याचं काम झालं असतं. पण भाव मेहुण्याच्या खुणेच्या किंचित खाली ठेवला, कारण ती खूण यालाच माहीत होती. नोंदीत खंड पडू नये म्हणून बाहेर पडायचं नाही ही अट घातली. आणि शटर ओढायला जो एकजण दुकानात येऊ शकत होता, तोही घरात अडकून राहिला. दहाला पासवर्ड बदलला की संपलं. बायको घर सोडून निघाली होती, हे याला कळलं होतं. कपाटातला कपडान् कपडा मोजणारा माणूस आहे हा."

 नवरा फौजदारांकडे बघत म्हणाला, "मी तिला समजावायला गेलो होतो. नुसतं समजावायला. हातून झालं ते."

"समजावायला जाणारा माणूस दुपारीच पुरावा विकत घेऊन ठेवत नाही," बाई म्हणाल्या.

फौजदार त्याला घेऊन गेले. जाताना तरुणाला म्हणाले, हे सगळं तुमच्या जबानीवर उभं राहणार. कोर्टात सांगावं लागेल, तो नव्हता खेळत, मी खेळत होतो. तरुण हो म्हणाला. फोनचंही सांगावं लागेल का, असं त्यानं विचारलं. सगळंच सांगावं लागेल, फौजदार म्हणाले.

"मग आईला आधी मी सांगतो," तो म्हणाला. पण जागचा हलेना. शेवटी पोस्टमास्तरांनी पायात वहाणा सरकवल्या आणि त्याच्याबरोबर निघाले.

आईनं दार उघडलं. पोराच्या तोंडाकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "सापडला?"

"भावोजी."

तिनं दाराची चौकट धरली. पोस्टमास्तर पुढे झाले, पण ती पडली नाही.

"आई, अजून एक आहे. त्या दिवशी ताईनं मला फोन केला होता. मी तुला खोटं सांगितलं. मी खेळत होतो, म्हणून उचलला नाही."

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "तू उचलला नाहीस म्हणून मग तिनं मला केला. मी म्हटलं, आत बसलाय, हाक मारू का? नको म्हणाली. खेळू दे त्याला, म्हणाली."

तो उंबऱ्यातच खाली बसला, आणि थोड्या वेळानं आईही त्याच्या शेजारी बसली.