चौथ्या क्रमांकावर नववा

बेसबॉलमध्ये फलंदाजांचा क्रम लावणं हे निव्वळ बुद्धीचं काम आहे. तिथे भावनेला जागा नसते. हे वाक्य तिने स्वच्छ अक्षरात लिहून मामाच्या संघाच्या खोलीत, बॅट ठेवायच्या कपाटावर चिकटवलं होतं. त्याच्याच खाली दर रविवारी नऊ नावांची यादी लागायची आणि तिच्यात चौथं नाव मामाचं असायचं. गेली अठरा वर्षं. कारण एवढंच, की संघ मामाने काढला होता.

खेळ न कळणाऱ्यांसाठी सांगायचं तर, नऊ जण ठरलेल्या क्रमाने एकामागून एक बॅट धरतात. पहिल्या तिघांनी जमेल तसं धावून मैदानातल्या बेसवर जाऊन उभं राहायचं आणि चौथ्याने एक दणका देऊन सगळ्यांना घरी आणायचं. चौथा म्हणजे घरातला कर्ता पुरुष. नववा म्हणजे ज्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही असा.

मामा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत फोरमन होता आणि संघ त्याच्या हाताखालच्या मेकॅनिकांचा. ती विमा कंपनीत, कोण साधारण किती वर्षं जगेल याचे तक्ते करायची. ओळखीचे लोक तिला वाढदिवसाला बोलवायचं टाळत. मामाच्या संघाची आकडेवारी ती घरबसल्या ठेवायची. मैदानावर ऊन असतं, म्हणून जायची नाही.

मग एका मंगळवारी ऑफिसची लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत ती एकटीच. वीस मिनिटांनी छतातलं चौकोनी झाकण सरकलं, टॉर्चचा उजेड आला आणि मागोमाग एक उलटा चेहरा. चेहरा म्हणाला, घाबरू नका मॅडम. तिने सांगितलं, की ती घाबरलेली नाही, लिफ्टपेक्षा जिन्यात माणसं जास्त पडतात, तक्ता आहे तिच्याकडे. तो हसला. हसताना त्याच्या पान्यावरून ग्रीसचा एक थेंब नेमका तिच्या खांद्यावर पडला. तो खाली उतरला आणि रुमालाने पुसायला गेला. डाग थेंबाएवढा होता, तो तळहाताएवढा झाला.

बोलता बोलता निघालं, की तो मामाच्याच हाताखाली नवीन लागलाय आणि संघातही आहे.

"मला सगळे नववा म्हणतात," तो म्हणाला.

"एकोणीसपैकी तीन फटके," ती म्हणाली.

"म्हणजे... तुम्ही मला ओळखता?"

"तुमचं अपयश ओळखते. तुम्हाला आज पाहिलं."

लिफ्ट सुरू होऊन बराच वेळ झाला होता. दोघांपैकी कुणीही बटण दाबलं नाही.

त्यानंतर तिला ऊन चालू लागलं. दर रविवारी ती वही घेऊन बाकाच्या टोकाला बसायची. तो बाद होऊन परत आला, की इतर लोक बॅट आपटतात तसं काही न करता सरळ तिच्याकडे यायचा आणि विचारायचा, आज माझी सरासरी काय. ती म्हणायची, खाली. किती खाली, तो विचारायचा. बसा, दाखवते, ती म्हणायची. हे दाखवणं इतकं चालायचं, की दोनदा त्याला मैदानात जायला हाका माराव्या लागल्या. तो फारच सावकाश शिकणारा माणूस होता, किंवा अजिबात नव्हता.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीने दूरच्या एका शहरात नवी शाखा काढली आणि तिथे जाण्याबद्दल त्याला विचारलं. मोठं पद होतं. सोमवारी सकाळपर्यंत कळवायचं होतं. त्याने हे तिला ऑफिसच्या खाली, पाना रुमालाने पुसत सांगितलं. "इथे तसं... अडवणारं कुणी नाही," तो म्हणाला. आधीच लखलखणारा पाना तो पुसतच राहिला.

त्या क्षणी जगातल्या कुठल्याही मुलीला सुचलं असतं ते तिला सुचलं नाही. तिने विचारलं, तिथे संघ आहे का? तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, त्यांचं नशीब. आणि मग घरी पोचेपर्यंत स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

शनिवारी दुपारी तिने रविवारची यादी लिहिली, मामा सांगेल तशी: चौथा मामा, नववा नववा. पेन हातात होतं. कॉलेजातल्या मुली वहीच्या शेवटच्या पानावर एखादं नाव लिहून बघतात. तिने दुसरा कागद घेतला आणि त्यावर आख्खा संघ लिहिला. चौथ्या जागी त्याचं नाव घातलं. ते तिथे कसं दिसतं ते दहा मिनिटं पाहिलं. दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये टाकले.

रविवारी सामना टपाल खात्याशी होता. मामाची यादी तिने उतरवून कपाटावर लावली, मूळ कागद पंचांना द्यायला निघाली, आणि नेमका तेव्हाच तो समोरून आला. केस ओले, टोपी हातात. "आज शेवटचा," तो म्हणाला. ती हो म्हणाली आणि पंचांच्या हातात कागद ठेवला. कुठला, ते बघितलं नाही.

पहिले तीन फलंदाज दोन्ही कागदांवर तेच होते. त्यातले दोघे बाद झाले, एक बेसवर टिकला. मग कपाटावरच्या यादीप्रमाणे मामा उठला आणि दुसऱ्याच चेंडूवर त्याने असा तडाखा दिला, की चेंडू कुंपणापलीकडे गेला. सहा वर्षांतला त्याचा पहिला होम रन. मामा टोपी काढून, सावकाश, लग्नाच्या वरातीत चालावं तसा चारही बेसवरून फिरला.

टपाल खात्याचा कप्तान आयुष्यभर पत्ते वाचत आलेला होता. माणूस आणि पत्ता जुळला नाही, की त्याला अस्वस्थ व्हायचं. पंचांच्या कागदावरून उतरवून घेतलेली यादी हातात धरून तो त्यांच्याकडे गेला. पंचांनी आपला कागद उघडला आणि चौथं नाव मोठ्याने वाचलं. ते नवव्याचं होतं. नियम स्पष्ट होता: भलत्याच माणसाने बॅट धरली, तर धावा रद्द, आणि ज्याची पाळी होती तो बाद. नववा तेव्हा बाकावर बसून पाणी पीत होता. तो तसाच बाद झाला.

सगळा संघ तिच्याभोवती जमला. मामाच्या हातात अजून टोपी होती.

"हा चौथा?" त्याने विचारलं.

"हो."

"आकडे काय म्हणतात?"

"नववा."

"मग?"

तिने वहीकडे पाहिलं. वहीत काही मदत नव्हती.

"मामा, मला... मला तो तिथे बरा वाटला."

कुणीतरी खोकलं. टपाल खात्याच्या कप्तानाने यादीची घडी घातली आणि दुसरीकडे पाहिलं. नवव्याचे कान हळूहळू लाल होत होते.

"आणि मी आठवा?" मामा पंचांच्या कागदात डोकावून म्हणाला.

"ते मात्र आकड्यांप्रमाणे आहे."

मामा बाकावर बसला. त्याने कुंपणापलीकडे, जिथे चेंडू गेला होता तिथे पाहिलं. मग मान न वळवता म्हणाला, "काय रे, तुला सोमवारी कळवायचंय ना? आत्ता कळव. पंच खोळंबलेत."

नवव्याने पाण्याची बाटली खाली ठेवली. ती आडवी झाली आणि पाणी त्याच्याच बुटांवर सांडलं.

"मी चौथाच राहणार का?" त्याने तिला विचारलं.

"नाही. पुढच्या वेळेपासून नववा."

"पण... इथेच?"

"इथेच. जाऊ नकोस."

आजवर ती त्याला तुम्ही म्हणत आली होती, हे पंच सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"मग राहतो," तो म्हणाला.

पंचांनी विचारलं, आता पुढे खेळायचं का. खेळले. नऊ–दोन असे हरले. बाकावर बसून बाद झालेल्या माणसाचीही नियमाप्रमाणे एक खेळी धरतात, ती तिने वहीत धरली. नंतर त्या सामन्यात त्याला तीनदा प्रत्यक्ष बॅट मिळाली. त्याने सरासरीत काही फरक पडला नाही. हंगामअखेर तो पंचेचाळीसपैकी सात होता.