पट्ट्यावरचा हात

तुम्ही कधी हातही न लावता ‘झाले’ असे सांगितले आहे का? आताच उत्तर देऊ नका. आधी ऐका.

मी ज्या बोटदुरुस्तीच्या शेडची देखरेख करत असे, तेथे एक चालक होता. तळ्यावरच्या बोटी ट्रेलरवर चढवून शेडमध्ये आणणे हे त्याचे काम. सोबतीला त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शेडची शिस्त अशी, की पुढच्याने बोटीचे टोक साखळीने बांधून विचारायचे, “घट्ट?” मागच्याने बोटीवरून आवळलेल्या आडव्या पट्ट्यावर सारा भार टाकून पाहायचे आणि मगच म्हणायचे, “घट्ट!” त्या उत्तरावाचून गाडी हलत नसे.

चालकाला याचा कंटाळा. “रोज काय तेच पाढे?”

“दाजी, बायको रुसली तर परत येते,” मेहुणा हसे. “बोट निसटली तर नाही येत.”

एका संध्याकाळी मागे चालक उभा होता. मेहुण्याने पुढून विचारले. चालकाच्या कानाला मोबाइल. पट्ट्याला त्याने बोटही लावले नाही.

“घट्ट!”

चालकाने गाडी काढली आणि त्या शब्दावर विसंबून मेहुणा ट्रेलरच्या बाजूने चालत निघाला. चढावरच्या वळणावर बोट कलंडली. तो खाली सापडला. जागीच गेला.

“पट्टा त्यानेच पाहिला होता,” चालकाने सर्वांना सांगितले. बायको रडत म्हणाली, “तो असा निष्काळजी नव्हता हो.” तेव्हा याने देवाची शपथ घेतली. मेलेल्या भावाच्या माथी दोष बसला. बहिणीने तो मुकाट्याने सोसला.

गेल्या डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारची रात्र. साडेअकरा वाजून गेले होते. सकाळी हवी असलेली एक बोट आणायला चालक एकटाच तळ्यावर गेला. बोट चढवली. पट्टा टाकला. पुढे येऊन साखळी लावली आणि सवयीने तोंडातून निघून गेले, “घट्ट?”

स्वतःशीच हसला.

मागून उत्तर आले.

“घट्ट…”

त्याने विजेरी फिरवली. कोणी नव्हते. पाणी स्थिर. वारा नव्हता.

“कोण आहे?”

…

“दाजी… हात लावून पाहा ना.”

पळावेसे वाटले. पण पाय बोटीच्या मागच्या टोकाकडेच गेले. त्याने पट्ट्याखाली हात घातला. पट्टा सैल होता. मग पट्टा आवळायचा खटका वाजला. पट्टा आवळला. पुन्हा खटका… पुन्हा…

तो ओरडला. ऐकायला कोण होते?

पहाटे कामावर आलेल्या राखणदाराला तो पट्ट्यात हात तसाच अडकलेला सापडला. पट्टा सुटेना. शेवटी सुरीने कापावा लागला.

काय म्हणालास? धडपडीत त्यानेच आवळला असेल? बाळा, पट्टा आवळायचा खटका बोटीच्या पलीकडच्या बाजूला होता. तिथवर त्याचा हात पोचत नव्हता. मी स्वतः उभा राहून पाहिले आहे.

हात मनगटापासून काढावा लागला. शुद्धीवर येताच त्याने बायकोला सारे खरे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. त्याला टाकले नाही. जखम धुते, औषध देते, ताट वाढते. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्दही बोललेली नाही.