डिसच्या मागचे डबे

"आबा, थांबा! ते विहिरीत ओतू नका!"

अनसूया ओरडत धावली. मागून तिचा धाकटा भाऊ गोपाळकृष्ण धापा टाकत आला. लोणावळ्याची ही दोघं मे महिन्याच्या सुट्टीत बेडशाला आत्याकडे आली होती.

कोंडाजीआबा विहिरीच्या काठावर पत्र्याचा डबा घेऊन उभे होते. वस्तीत दोघांना पटकी झाली होती. रेल्वेनं औषध येईल, ते टाकल्यावरच विहिरीचं पाणी प्या, असं बजावून डॉक्टर पुढच्या गावी गेले होते. तोवर उकळलेलं पाणी घोट घोट. आबांची पाच वर्षांची नात नंदा रडून रडून थकली होती.

"का गं पोरी? डाक्टर म्हनले, पानी गुलाबी व्हईल. ह्या पेल्यात टाकून बगितलं. झालं न्हवं गुलाबी?"

अनसूयेनं काचेचा पेला उन्हात धरला. "आबा, मला लांबूनच दिसलं, रंग तळाशी बसलाय! औषध पाण्यात विरघळतं. हा तर चिखल झाला!"

गोपाळनं डब्यावरची इंग्रजी चिठ्ठी पुसली. "डिस्... बरोबर आहे की! डिसइन्फेक्टंट!"

"शहाणाच आहेस! पहिला डबा बघून मालगाडी कुठली ते कळतं का? शब्द तोडून वाच."

गोपाळ बोटांवर मोजू लागला. "डिस्... टेम्... पर. तीनच तुकडे! ताई, डिस्टेंपर! शाळेच्या भिंतींना लावतात तो रंग!"

आबांनी डबा झटकन खाली ठेवला. "समदं गाव हेच प्यालं असतं गं!" त्यांनी लगेच बैलगाडी जुंपली आणि दोघांना घेऊन स्टेशन गाठलं.

स्टेशनात पार्सलबाबू खुर्चीत घोरत होते. औषधाचा खरा डबा रंगाचा समजून एका बंगल्याच्या सामानात निघालाच होता, तो त्यांनी वेळेवर अडवला!

"हमालानं दिला. मला काय विचारता?" बाबू डोळे चोळत म्हणाले.

म्हातारे हमाल दत्तोबा पुढे आले. "मीच दिला, आबा. पयली तीन अक्षरं जुळली की देत जा, उठवू नको, आसं बाबूच म्हनले व्हते. तेवढीच वळखतो मी." त्यांनी मान खाली घातली.

बाबूंचे कान लाल झाले. "चूक माझी आहे, दत्तोबा," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी औषध विहिरीत पडलं. दुसऱ्या सकाळी परत आलेल्या डॉक्टरांनी पेला उन्हात धरला. फिकट गुलाबी, आणि तळाशी काही नाही! पहिला पेला नंदानं दोन्ही हातांनी धरून गटागट संपवला.

"पोरांनी गाव राखलं!" आबा म्हणाले. डॉक्टरांनी गोपाळची पाठ थोपटली.

परतीच्या गाडीसाठी दोघं स्टेशनात आली, तेव्हा दत्तोबा फलाटावर बसले होते. अनसूया शेजारी बसली. तिनं खडूनं फरशीवर डिसइन्फेक्टंट हा लांबलचक इंग्रजी शब्द मालगाडीच्या डब्यांसारखा तोडून लिहिला.

"दत्तोबा, मधला डबा इन्फेक्ट, म्हणजे रोगाची लागण. पुढचं डिस् ती घालवतं. शेवटी अंट, म्हणजे घालवणारं औषध."

दत्तोबांनी डब्यांमधल्या जागांवर बोट टेकवलं. "घाटात मी इंजनं जोडायचो. सोडायचो बी. हे तसंच की!"

गाडी आली. खिडकीतून गोपाळनं हात हलवला. दत्तोबांचं तिकडे लक्षच नव्हतं. हमालीच्या एका खोक्यावरच्या इंग्रजी चिठ्ठीवर वाकून ते पुटपुटत होते, आणि या वेळी त्यांचं बोट तिसऱ्या अक्षरापाशी थांबलं नाही.