एकानं परतायचं

घारीला मोजता येत नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. दोघांनी लपणात शिरायचं आणि थोड्या वेळानं एकानं बाहेर पडून सरळ चालतं व्हायचं. वरून बघणाऱ्या घारीला वाटतं, गेली एकदाची ब्याद! मग ती निवांत घरट्यावर उतरते आणि आत उरलेला माणूस फोटो काढतो. इतकी साधी फसवणूक, पण कधी चुकत नाही.

फोटोवालीसाठी हे चालतं व्हायचं काम तिचा धाकटा दीर करायचा. तो कारखान्यात फिटर. तिथल्याच आवारात, बंद पडलेल्या क्रेनवर घारीनं काड्या, तारा, फाटके हातमोजे, मिळेल ते कोंबून घरटं रचलं होतं. शेजारच्या शेडच्या गच्चीवर, घरट्यापासून जेमतेम बारा पावलांवर फोटोवालीचं लपण. लपण कसलं, खाकी कापडाचा उभा तंबू, आत एक स्टूल आणि समोर लेन्सपुरती फट. खाली दिवसभर ट्रकांची घरघर आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचे दणके.

"वहिनी, परवा थोडक्यात वाचलो," दीर कुरकुरायचा. "टक्कल पडायच्या आधीच टाळू घेऊन गेली असती तुमची लाडकी!"

"हेल्मेट शोभेला दिलंय का? निघ आता. मागे वळून बघू नकोस."

घरी मात्र हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "लवकर येते" म्हणायचं आणि दिवेलागणीनंतर उगवायचं, असं दर हंगामात चाललेलं. काल नऊ वर्षांच्या लेकीनं कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली.

"उद्या पाचला आली नाहीस तर मी मावशीकडे राहायला जाणार. कायमची."

पोर रडली असती तर समजूत घालता आली असती. ती रडली नाही. "येते गं राणी, नक्की येते," फोटोवाली म्हणाली.

आणि आज दीर तापानं फणफणलेला. खरं तर तिनं घरीच थांबायचं, पण पिल्लू दोन दिवसांत उडून गेलं असतं. जीव राहीना. तासभर बघू, असं म्हणत ती दुपारी एकटीच गच्चीवर चढली.

घार डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होती. फोटोवाली लपणात शिरली, स्टुलावर बसली. पाचेक मिनिटं गेली असतील. किंचाळणं एकदम थांबलं आणि घार घरट्यावर उतरली.

लपणातून कोणी निघून जाताना दिसल्यासारखी.

फोटोवालीनं मागचं कापड सारून बघितलं. गच्ची रिकामी, उन्हानं तापलेली. तिला कसंसंच झालं. पण समोर घार पिल्लाला घास भरवत होती, आणि असे फोटो तिला उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते. तास कधी उलटले, कळलंच नाही.

साडेचारला फोन थरथरला. दीर. त्याची खोली तिच्या घराच्या वरच्याच मजल्यावर.

"वहिनी, गोळी आत्ता घेऊ की जेवल्यावर?"

"कसली गोळी?" ती कुजबुजली.

"अहो, मघाशी देऊन गेलात ना! कपाळाला हात लावून बघितलात. ताप मला आणि विसरताय तुम्ही? हळू का बोलताय एवढं?"

"मी लपणात आहे."

दीर हसला. "पुरे हं चेष्टा! तुमचा आवाज खालून इथपर्यंत येतोय."

तिनं फोन कापला. दुसऱ्या खेपेला घरचा नंबर लागला.

"हॅलो?" लेकीचा आवाज. कित्येक दिवसांत न ऐकलेला, खुशीतला.

"राणी, मी आई बोलतेय. घरात कोण आहे?"

पोर फोनपासून तोंड वळवून म्हणाली, "आई, बघ ना, कोणीतरी तुझं नाव सांगून बोलतंय."

"ठेव तो फोन. ये, वेणी घालते तुझी."

आवाज फोटोवालीचाच होता. फक्त त्यात घाई नव्हती.

फोन बंद झाला.

ती कॅमेरा टाकून धडपडत बाहेर आली. भर उन्हात, घारीच्या अगदी समोर. "मी इथं आहे!" ती ओरडली. घारीनं मानसुद्धा वळवली नाही.

खाली कोणीतरी ट्रक मागे घेत होतं. ती कठड्यापाशी जाऊन हाका मारत राहिली. कोणी वर बघेना.

मग घार घरट्यावरून उठली आणि थेट तिच्या रोखानं आली. तिनं डोळे मिटले, डोक्यावर हात आडवा धरला. झडप बसू दे, रक्त येऊ दे. तिला तेवढंच हवं होतं.

काहीच झालं नाही.

तिनं डोळे उघडले. घार तिच्या आडव्या हातावर बसली होती, घरट्यातून आणलेला, पंजाखालचा मांसाचा तुकडा चोचीनं सावकाश फाडत. नख्या बाहीतून खोल रुतलेल्या दिसत होत्या. लागत नव्हत्या.