पुसलेलं कुठे जातं

ऑफिसात मनीषला सगळे ‘वॉचमन’ म्हणत आणि त्याला त्याचा मुळीच राग येत नसे. हिंजवडीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरांची राखण करणं हेच त्याचं काम होतं. कोणाच्या ब्राउझरने काय लक्षात ठेवायचं, काय विसरायचं, हे तो ठरवायचा. एकदा त्याने सेटिंग लावलं की तिथला चौकोन राखाडी होऊन जाई. मग समोर बसलेल्याने कितीही क्लिक केलं तरी आतली खूण जागची हलत नसे. लोक चडफडत. “अरे, निदान विचारत तरी जा,” म्हणत. मनीष हसून पुढच्या टेबलाकडे वळे. विचारत बसलं तर राखण कसली?

नांदेडहून आलेल्या या माणसाने सूसला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि घरच्या कॉम्प्युटरलाही तीच शिस्त लावली. ब्राउझर बंद झाला की पाहिलेली पानं, टाइप केलेले शब्द, पासवर्ड, सगळं आपोआप साफ. त्याची बायको स्वरदा याला पार कंटाळली होती.

“काय हे तुझं यंत्र! रोज नव्याने ओळख करून द्यावी लागते. घरात आपण तिघं, इथे चोर कोण आहे रे?”

तिसरी म्हणजे क्षितिजा, पहिलीतली. तिला एकाच गोष्टीची चिंता होती. “बाबा, पुसलेलं कुठे जातं?”

“कुठेच नाही. संपतं.”

“आमच्या फळ्यावरचं तर डस्टरमध्ये जातं,” ती म्हणाली. स्वरदा पोट धरून हसली होती.

ते २००७ साल होतं. त्याच वर्षी श्रावणात तिघं मुठा खोऱ्यात फिरायला गेले आणि ओढा ओलांडताना स्वरदाचा पाय घसरला. क्षितिजाचा हात तिच्या हातात होता. दोघी पाण्यात गेल्या. मनीष मागे गाडीला कुलूप लावत होता. तो धावत येईपर्यंत खाली खेकडे धरत असलेल्या, तिथल्याच वाडीवरच्या काळू नावाच्या माणसाने उडी मारून पोरीला काठावर आणलं होतं. स्वरदा खाली वळणापाशी सापडली, दुपारनंतर.

काळू बराच वेळ मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, “सायेब, पोरीला वडली, पर बाईंचा हात सुटंना. एकेक बोट सोडवावं लागलं. मला माफी करा.”

क्षितिजाच्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ उठले होते. ते जायला बरेच दिवस लागले.

दहाव्याला पौडला नदीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. स्वरदाचा भाऊ दिग्विजय पुढे झाला. “ताई, पोरीचं सगळं आम्ही बघू.” कावळे बसूनच. मनीषच्या वडिलांनी हात जोडले. “सूनबाई, तो दुसरं लग्न करणार नाही.” तरी काही नाही. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. गुरुजी हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, चालतं. मनीषचा या कशावर काडीचा विश्वास नव्हता. पण स्वरदाला काहीतरी हवं होतं आणि ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला सहन होईना. तो पिंडापाशी वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तुझं जे काही मागणं असेल ते मी देईन. शब्द दिला.”

तत्क्षणी कावळा उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मागणं काय होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मनीष घरच्या कॉम्प्युटरसमोर बसला. शेवटच्या दिवसांत ती काय शोधत होती, काय वाचत होती, एवढं तरी कळलं असतं. पण तिथे अक्षर नव्हतं. त्यानेच तशी सोय केली होती. तो ढसाढसा रडला. मग, वेड्यासारखं, त्याने सेटिंगं उघडली आणि सगळी उलटी केली. पानं लक्षात ठेव. शब्द लक्षात ठेव. बंद करताना काहीही पुसू नकोस. आता ठेवण्यासारखं काय उरलं होतं, देव जाणे.

क्षितिजाला सांभाळायला तानुबाई येत. त्याच खोऱ्यातल्या एका वाडीवरच्या, आता लेकाकडे सूसला राहणाऱ्या. एकदा मनीष कामावरून आला तेव्हा त्यांनी त्याला दारातच गाठलं.

“सायेब, पोरगी त्या डब्याशी बोलत बसती. काय करतीस म्हनलं, तर आईला सांगतीया म्हन.”

“खेळत असेल हो.”

“आसंल. पर मला न्हाई बरं वाटत.”

क्षितिजाने त्याला दाखवलं. तिला आपल्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर येत होतं. शोधायच्या पट्टीत तिने तेवढं एकच दाबलं, आणि खाली यादी उलगडली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, स्वरदा लिहायची तसंच. ‘क्षितिजा नावाचा अर्थ.’ ‘क्षितिजाच्या वयाला वजन किती.’ ‘क्षितिजासाठी स्वेटर विणणे.’

मनीषने यादी दोनदा वाचली. मग त्यातला वॉचमन जागा झाला. एखादी जुनी फाइल कुठेतरी राहून गेली असणार. सगळं पुसलं जातं असं आपण म्हणतो, पण कुठे तरी काही तरी उरतंच. हे पटलं आणि त्याला इतका आनंद झाला की त्याने पोरीला उचलून घेतलं. त्या आठवड्यात तो रोज घरी येऊन पट्टीत ते अक्षर दाबायचा आणि यादी वाचायचा. जेवण गार व्हायचं. आपली बायको आपल्याला थोडीशी परत मिळाली, असं त्याला वाटत होतं.

मग क्षितिजाला ताप आला. एका रात्रीत आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी यादीत सगळ्यात वर नवी ओळ होती.

‘क्षितिजाचा ताप उतरला का.’

तो खुर्चीतून उठला. तानुबाईंना वाचता येत नव्हतं. क्षितिजाला एवढं लिहिता येत नव्हतं. घरात आणखी कोणी आलं नव्हतं. त्याने इंटरनेटची वायर काढली, घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा तेच अक्षर दाबलं.

‘क्षितिजाला घेऊन ये.’

खाली आणखी एक ओळ होती. ‘क्षितिजाला दे. तू शब्द दिला आहेस.’

“बाबा, इथे दुखतंय,” मागून क्षितिजा म्हणाली. तिने हात पुढे केला. मनगटावर चार निळे वळ होते, आत्ताच उठल्यासारखे.

आता इथे कोणाही बापाने जे केलं असतं तेच त्याने केलं. स्वरदावर त्याचा जीव होता. तिची एक ओळ मिळावी म्हणून त्याने काय वाटेल ते दिलं असतं. पण पोर? त्याने सेटिंगं उघडली. काही लक्षात ठेवू नकोस. बंद करताना सगळं पूस. शेवटचा चौकोन होता, पुसण्याआधी विचारायचं की नाही. विचारलं तर आपण मागे फिरू, अशी त्याला खात्री होती. त्याने तीही खूण काढून टाकली. न विचारता पूस.

“ती एकच आहे गं आपली,” तो पडद्याला म्हणाला, आणि ब्राउझर बंद केला.

सकाळी वळ गेले होते. क्षितिजा खडखडीत होती. मनीषने कितीतरी दिवसांनी उपमा केला आणि दोघांनी मिळून खाल्ला. तेवढ्यात तानुबाई आल्या. क्षितिजा त्याच्या पाठीमागे दडली.

“बाबा, ह्या कोण?”

तानुबाई आधी हसल्या. मग त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

धक्क्याने होतं असं कधीकधी, मनीष स्वतःला समजावत राहिला. चांगला डॉक्टर पाहायला म्हणून त्याने ब्राउझर उघडला, बाणेरचा एक नंबर उतरवून घेतला आणि सवयीने बंद केला. संध्याकाळी क्षितिजा मोरीचं दार शोधत स्वयंपाकघरात फिरत होती. शाळेचं नाव तिला सांगता येईना. आपलं दप्तर तिने कोणा दुसऱ्याचं असावं तसं बाजूला ठेवलं.

मनीष तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. “आई आठवते का, बाळा?”

“हो!” तिचा चेहरा उजळला. आईचा हिरवा ड्रेस, आईचं हसणं, आई भातावर तूप कसं घालते, सगळं तिने घडाघडा सांगितलं. “आणि आज आईने माझी वेणी घातली.”

सकाळी केस मनीषनेच विंचरले होते. त्याला वेणी घालता येत नव्हती, म्हणून तो रबर लावून मोकळा झाला होता. आता क्षितिजाच्या पाठीवर घट्ट, सरळ, तीन पेडांची वेणी होती. तिचं टोक ओलं होतं.

तेव्हा त्याला कळलं. पुसलं जात होतं ते स्वरदाचं नव्हतं. स्वरदाचं तर काहीच जात नव्हतं. जात होतं ते क्षितिजाच्या आठवणीतलं, इथलं, त्याच्या बाजूचं, आणि कुठे जात होतं हेही त्याला कळलं.

त्याने ब्राउझर उघडला आणि सेटिंगांत गेला. ‘बंद करताना सगळं पुसा.’ चौकोनात खूण होती. त्याने क्लिक केलं. पुन्हा केलं. चौकोन राखाडी होता. खूण जागची हलेना.

असं कधी होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! वरचं कोणीतरी ठरवून गेलं की असं होतं. आपण फक्त समोर बसलेलो असतो.

आता एकच करण्यासारखं होतं. ब्राउझर बंद होऊ द्यायचा नाही. त्याने रजा टाकली. कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली, ‘हात लावू नये.’ तानुबाईंना शपथ घातली. मशीन कोरी करावी, जाळून टाकावी, असंही त्याच्या मनात आलं. पण तेही पुसणंच झालं असतं, आणि तेवढी छाती त्याची झाली नाही.

राहिली वीज. तेव्हा भारनियमन चालू होतं. यूपीएस जुना होता, दहा मिनिटांच्या वर टिकत नसे. त्याने इन्व्हर्टर सांगितला. दुकानदार म्हणाला, उद्या सकाळी नक्की.

त्याच संध्याकाळी तानुबाई घरी निघाल्या आणि दिवे गेले.

यूपीएस ओरडायला लागला. निळसर उजेडात क्षितिजा त्याच्याशेजारी पाटावर बसली होती. मनीषने तिचं मनगट घट्ट धरलं.

“मी कोण, सांग.”

“बाबा.”

“परत सांग.”

“बाबा!” ती खुदकन हसली. तो तिला विचारत राहिला, ती सांगत राहिली. यूपीएसचा आवाज भराभर येऊ लागला. तिचं पहिलं पाऊल, पहिला दात, नांदेडच्या आजोबांच्या खांद्यावरची जत्रा, जे आठवेल ते तो तिला सांगत सुटला. सगळं सांगून होण्याआधी आवाज थांबला.

पडदा विझला.

मनीष अंधारात तिच्याकडे वळला.

“क्षितिजा?”

“हो.”

“मी कोण?”

तिने मनगट ओढून पाहिलं. मग परक्या माणसाशी बोलावं तसं, स्वरदाने शिकवलं होतं तसं नीट, हळू बोलली.

“काका, हात सोडा ना. माझी आई बाहेर उभी आहे.”

“नाही,” मनीष म्हणाला. “नाही सोडणार.” त्याने मूठ आणखी आवळली.

त्याचं एक बोट सुटलं. मग दुसरं. न दुखवता, अगदी सावकाश.

“येते हं, काका,” क्षितिजा म्हणाली.

तिचा आवाज दाराकडून आला. मनगट त्याच्या मुठीतून कधीच गेलं होतं. तरी त्याचं तिसरं बोट कोणीतरी अजून सोडवत होतं, आणि तो हात ओला होता.