गालावरची चार बोटं

माझ्या दहा गोष्टींतल्या नऊ थापा असतात. विहिरीतला दिवा, चालता पलंग, सगळं मीच रचलेलं.

ही दहावी.

ही माझ्याच जबड्यात घडली. हवं तर तोंड उघडून व्रण दाखवतो.

थंडीचे दिवस. संध्याकाळ. दवाखान्यांच्या इमारतीचं तळघर आणि त्यात दातांचे एक्स-रे काढायचं सेंटर. सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात दुसरं माणूस नाही, त्यामुळे डावा गाल सुजलाय हे मला कोणी सांगितलंच नाही. दाढी करताना हात अडखळला तेव्हा कळलं.

दातांच्या डॉक्टरांनी छोटा एक्स-रे काढला. जबड्याच्या हाडात काळा डाग. पण निम्माच दिसत होता.

"पूर्ण जबड्याचा फोटो लागेल," ते म्हणाले. "मला या डागाची कड बघायची आहे. कड गुळगुळीत, पांढरी असली तर बहुधा सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी. काढून टाकू."

"आणि नसली तर?"

"कुरतडल्यासारखी असली तर... तेव्हा बघू."

डॉक्टर 'तेव्हा बघू' म्हणाले की माणसाने काय ते समजून घ्यावं.

सेंटरवरच्या बाई तोंडाने फटकळ. "चष्मा काढा, साखळी काढा. बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

"बरं. हनुवटी इथे. हा तुकडा दातांत धरायचा. दोन्ही हातांनी या दांड्या पकडा. हलायचं नाही, बोलायचं नाही."

बाई बाहेर गेल्या. दार लागलं. काचेपलीकडून त्यांनी बटण दाबलं आणि यंत्र माझ्या डोक्याभोवती फिरू लागलं. गुं... गुं...

मग गालाला काहीतरी टेकलं...

गार नव्हतं हो. तिथेच तर घोळ आहे. कोमट होतं.

मी हललो नाही.

बाई तणतणत आत आल्या. "काका, गालाला हात लावू नका, हे वेगळं सांगायला हवं होतं का?"

"माझे हात दांड्यांवर होते."

"मग हे काय माझ्या सासूचे आहेत?"

पडद्यावर माझा जबडा होता. आणि त्यावर आडवी... चार बोटांची हाडं. मागून आलेली. बरोबर त्या डागाच्या कडेवर.

करंगळी वाकडी. दारात सापडून मोडली होती, ती तशीच जुळली. हात बांधलेला होता तेवढे दिवस बायकोची वेणी मी घालायचो. ती करंगळी ओळखायला मी चुकणार नव्हतो.

बाईंनी यंत्र तपासलं, पुन्हा फोटो काढला. या वेळी काचेतून त्यांची नजर माझ्या हातांवर होती.

पुन्हा तीच बोटं... आता आणखी घट्ट.

बाईंचा फटकळपणा गळून पडला. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "अजून एकदाच काढते. मग मी नाही काढणार."

मला वाटलं, कळलं. वाईट बातमी माझ्यापासून लपवायची तिची जुनीच खोड. स्वतःचं दुखणंही तिने असंच लपवलं. मला समजलं तेव्हा उपाय उरला नव्हता. म्हणजे माझ्या डागाची कड कुरतडलेलीच असणार. ती झाकत होती.

माझी पाचावर धारण बसली. पण काय झालंय हे न कळता मला मरायचं नव्हतं.

बाई बाहेर गेल्या. तुकडा दातांत धरण्याआधी मी म्हणालो, "अगं, काढ हात. बघू दे त्यांना."

यंत्र फिरलं. गुं... गुं...

गालाला काही लागलं नाही. खोली एकदम मोठी वाटली.

फोटो स्वच्छ आला. डागाभोवती पांढरी, गुळगुळीत कड. पेन्सिलीने काढावी तशी.

डॉक्टरांनी पिशवी काढली, तपासायला पाठवली. सिस्टच निघाली. "सुटलात काका," ते म्हणाले.

सुटलो खरा.

पण एका दुपारी एकटाच गार दूध पीत बसलो होतो, तेव्हा मनात आलं... वाईट बातमी नव्हतीच, मग ती झाकत काय होती?

बहुतेक काहीच नाही. नुसता गालावर हात ठेवला होता.

आणि मी काढ म्हणालो.

तसाच उठून सेंटरवर गेलो. म्हटलं, ते पहिले दोन फोटो दाखवा. बाईंनी कॉम्प्युटरवर उघडले. आम्ही दोघंही बघत राहिलो.

जबडा होता. डाग होता.

बोटं... कुठेच नव्हती.

"मी पुसलेली नाहीत हो काका," बाई म्हणाल्या. "शपथ."

"तुम्ही नाही. तिचं कामच तसं. एकदा भांडणात 'माझे कपडे काढ तुझ्या कपाटातून' म्हणालो, तर बाईसाहेबांनी रुमालसुद्धा ठेवला नाही."

बाई हसल्या नाहीत.

घरी आलो. दिवा लावला. भिंतीवर आमचा स्टुडिओत काढलेला फोटो आहे. मी खुर्चीत, ती मागे उभी. इतकी वर्षं तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता...

आता तिचे दोन्ही हात पाठीमागे आहेत.

चेहरा तोच. हसराच.

शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, आम्हाला तर तो असाच आठवतो.

मी रोज झोपण्याआधी त्या फोटोसमोर उभा राहतो. म्हणतो, बरं बाई, चुकलं. ठेव परत.

अजून ठेवलेला नाही.