शेपटाचा हॉर्न

त्या दिवशी सकाळी वारा म्हणून नव्हता. झाडाचं पान हलेना. ऊन आहे म्हणावं तर अंगाला लागेना, ढग आहे म्हणावं तर आभाळात कुठे डाग दिसेना. राखेनं घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं ते आभाळ डोक्यावर आलेलं. अशा हवेत माणसानं घरी बसावं. पण फिटर अंगणात उकिडवा बसून मोटरसायकलच्या साखळीला तेल देत होता.

सून दारात उभी राहून बोलायचं ते बोलून घेत होती. या वयात हे कसलं वेड, डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले, लोक काय म्हणतील. तिचं काही चुकत नव्हतं. फिटरच्या डाव्या डोळ्यावर पडदा येत चालला होता आणि पुढच्या वर्षी त्याला गाडीवर कुणी बसू देणार नव्हतं. म्हणूनच तो निघाला होता. चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर. आज नाही तर कधीच नाही.

गेल्या वर्षी चौघं निघाले होते. फिटर पुढे, मग मास्तर, मग कंपाउंडर आणि सगळ्यांत मागे दाढीवाला वेल्डर. मागचा म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणत. त्यांची एक रीत होती. पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही, नजर रस्त्यावर ठेवायची. त्यानं डावा हात वर केला की शेपटानं हॉर्न द्यायचा. दोन आखूड म्हणजे सगळे आहेत, चल. एक लांब म्हणजे थांब. या रितीवर चौघांनी वीस वर्षं रस्ते तुडवले. गेल्या वर्षी ऐंशी किलोमीटर उरले असताना नदीच्या पुलावर वेल्डर गाडीवरून पडला तो उठलाच नाही. बाकीचे त्याला घेऊन परत आले. सोळाशे राहिले ते राहिलेच.

यंदा तिघं निघाले. दहाच्या ठोक्याला वेळ नोंदायच्या कार्डावर पहिला ठसा पडला. दिवस गेला, रात्र गेली. पाठीचं लाकूड झालं, बोटं मुठीवरून सुटेनात, पण फिटर दर तासाला हात वर करी आणि मागून दोन आखूड हॉर्न येत. टिट्-टिट्. तेवढ्यानं त्याला धीर यायचा. म्हातारी हाडं म्हणायची थांब, हॉर्न म्हणायचा चल.

उजाडल्यावर घाटाखालच्या टपरीवर ते शेवटचे थांबले. सव्वाआठ वाजले होते. खाली नदीच्या अंगाला धुकं इतकं दाट बसलं होतं की रस्ता त्यात बुडून दिसेनासा झाला होता. फिटरनं चहाचा पेला कंपाउंडरच्या हातात दिला आणि म्हणाला, शेपटाचं काम झकास केलंस, एकदाही चुकला नाहीस.

कंपाउंडरनं पेला फळीवर ठेवला.

"माझा हॉर्न काल दुपारीच मेला," तो म्हणाला. "वायर तुटली."

मास्तरानं बिस्कीट तोंडाजवळ नेलेलं तसंच धरून ठेवलं. आणि मग त्याच्या नि फिटरच्या एकदमच ध्यानात आलं, की शेपूट कुणी व्हायचं हे यंदा ठरलंच नव्हतं. वेल्डरचं नाव निघेल म्हणून कुणी तो विषयच काढला नव्हता. दोघंही धरून चालले होते की मागे आहे तो कंपाउंडरच वाजवत असेल.

"मग वाजवत कोण होतं..." मास्तरानं विचारलं.

"हॉर्न माझ्या मागून यायचा," कंपाउंडर हळूच म्हणाला. "रात्रभर. आरशात काही नाही. बोललो असतो तर तुम्ही थांबला असता. म्हणून नाही बोललो."

मास्तरानं लगेच दुसरा रस्ता काढला. डोंगराला वळसा घालून जाऊ, पूल नको. चाळीस किलोमीटर जास्त पडतील, वेळ हुकेल, हुकू दे. जिवापेक्षा कार्ड मोठं नाही. कंपाउंडरनंही मान डोलावली.

फिटरनं चहा संपवला, पेला विसळून फळीवर ठेवला आणि मग वर्षभर पोटात धरून ठेवलेली गोष्ट ओठांवर आणली.

"गेल्या वर्षी पुलावर त्यानं लांब हॉर्न दिला होता. मी ऐकला. वेळ जाईल म्हणून ट्रकचा असेल असं मनाला सांगितलं नि पुढे गेलो. पाच मिनिटं गेलो." तो हेल्मेट चढवू लागला. "मी पुलावरूनच जाणार. त्याला मला न्यायचं असेल तर तोंडावर येऊन सांगू दे. आडवाटेनं पळायला मी त्याचं काही चोरलेलं नाही. आणि चोरलं असेल, तर मग पळायचंच नाही."

मास्तर म्हणाला, तू आधीपासून बैलच. पण किक मारली त्यानंही.

धुक्यात शिरल्यावर दिवस मागे राहिला. ओल्या लोखंडाचा वास येऊ लागला. चाकाखालचा आवाज बदलला, पोकळ झाला, तेव्हा पूल आल्याचं फिटरला कळलं. त्यानं हात वर केला नव्हता. तरी मागून आला... एक, लांब, न तुटणारा हॉर्न.

फिटरनं ब्रेक दाबला.

मास्तर शेजारी येऊन कुजबुजला, थांबू नकोस रे बाबा... फिटरनं त्या दोघांना पुढे जायची खूण केली, पलीकडच्या टोकाला उभे राहा म्हणाला. त्यांचे दिवे धुक्यानं गिळले. हॉर्न बंद झाला. खाली पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज खालून नाही, मागून यावा तसा येत होता. अगदी पाठीशी. 

"गेल्या वर्षी थांबलो नाही," तो समोर बघूनच म्हणाला. "आज थांबलोय. घड्याळ चालू आहे. माफी मागायला वेळ नाही आणि मरायलाही नाही. पुरं करायचंय तर बस मागे."

त्यानं मागच्या सीटवर थाप मारली.

काही झालं नाही. मग मागे बसणाऱ्यानं पाय ठेवायचा उजवा पायटा आपोआप उघडला. टक्. जरा वेळानं डावा. टक्. आणि गाडीचं मागचं अंग हळूहळू खाली बसलं, एका माणसानं बसावं त्याहून जरा जास्तच. तीस वर्षं गाड्या खोललेला माणूस तो, रिकामी गाडी कशी आणि भरलेली कशी, हे त्याला डोळे मिटून कळे. मानेवर गार श्वास आला. फिटरनं गिअर टाकला.

"घट्ट धर," तो म्हणाला. "वळणं आहेत."

नऊ छप्पन्नला त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं. चार मिनिटं राखून. ठसे मारणाऱ्या पोरसवदा बाबूनं तीन नावं लिहिली. फिटर म्हणाला, चार लिही. बाबू म्हणाला, काका, तिघंच तर आलात. फिटरनं टेबलावर दोन्ही तळवे टेकले आणि तिथून हललाच नाही. रांग वाढली, मागचे ओरडले, मास्तरानं बाही ओढली. शेवटी बाबूनं कंटाळून चौथं नाव लिहिलं. कंपाउंडर तोंड फिरवून नाक शिंकरत राहिला.

घराच्या फाटकाशी गाडी लावली तेव्हा मागचं अंग वर उचललं गेलेलं फिटरला स्पष्ट जाणवलं. तो तसाच बसून राहिला. वर्षात पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. घरातून सून भांडी लावत असल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला.

शेजारी यंदाच राहायला आलेला शिंपी दिवसभर खिडकीशी मशीन चालवत बसे. रस्त्यावरचं त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. पाय थांबवून त्यानं सुई उचलली आणि चष्म्यावरून बघत म्हणाला,

"या, फिटरदादा. ते तुमचे दाढीवाले मित्र इथेच उतरले, मला हात करून गेले बघा. पण त्यांच्याही मागे चिकटून जे ओलेचिंब बसले होते, ते काही न बोलता सरळ तुमच्या घरात शिरले... कोण ते?"